पार्किन्सन्सच्या कारणांचा फेरविचार आणि लांबवलेली गोळी

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६३. वर्षभरापासून उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो, चाल मंदावली आहे, आणि न्यूरोलॉजिस्टनी पार्किन्सन्सचे निदान करून लेव्होडोपाची गोळी लिहून दिली आहे. ‘ही गोळी पाचच वर्षे चालते, मग लागू पडत नाही’ असे नात्यातल्या एकाने सांगितल्यामुळे घरच्यांनी ती अजून सुरू केलेली नाही. दरम्यान हा रोग मेंदूत नव्हे तर आतड्यात सुरू होतो असे मुलाच्या वाचनात आले आहे. त्यामुळे पोटावर उपचार करून रोग थांबेल का, तीस वर्षांच्या फवारणीचा यात हात आहे का, स्टेम सेलचा काही उपयोग होईल का, आणि हा आजार आपल्यालाही होईल का, असे त्याचे प्रश्न आहेत.

सर्वांत निकडीचे आधी सांगतो. पार्किन्सन्स म्हणजे केवळ मेंदूतील डोपामिनची, म्हणजे हालचालींचे संदेश वाहणाऱ्या रसायनाची, टंचाई, असे आता कोणी जाणकार म्हणत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत कारणांविषयीची समजूत पुष्कळ बदलली आहे. परंतु कारणांचा विचार बदलला म्हणून ती टंचाई भरून काढणारे औषध निरुपयोगी ठरत नाही. रोग का होतो हा एक प्रश्न आहे आणि आज वडिलांना सदऱ्याची बटणे का लावता येत नाहीत हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अपुरे असले, तरी दुसऱ्याचे आपल्या हातात आहे. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे सांगली-मिरज भागातले कित्येक रुग्ण, ज्या वर्षांत ते उत्तम हिंडूफिरू शकले असते तीच वर्षे, घरात बसून काढताना मी पाहिले आहेत.

गोळी सुरू करण्याआधी निदानाची एक पडताळणी करून घ्यावी. माझ्याकडे नवा रुग्ण आला की मी सर्वप्रथम त्याची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो. तिच्यात मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर बहुधा पित्ताची एक कॅप्सूल असते, आणि पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली तर अनेकदा त्यात पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड निघते. हे द्रव्य मेंदूतील डोपामिनचे कार्य अडवते. चक्करेसाठी दिली जाणारी सिनॅरिझिन, अर्धशिशीसाठीची फ्लुनॅरिझिन, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारांवरील काही औषधे हेच करतात. यांतले एखादे औषध महिनोन्‌महिने चालू राहिले तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखा ताठरपणा आणि कंप येऊ शकतो. असा त्रास पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि वासाची जाणीव शाबूत असते. औषध बंद केल्यावर तो काही आठवड्यांत, कधी सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा, ओसरतो. ‘पित्ताची गोळी आहे, काय होणार’ म्हणून दुकानातून वर्षानुवर्षे तीच कॅप्सूल आणत राहणे ही आपल्या भागातली सर्रास गोष्ट आहे, म्हणून हे मुद्दाम विस्ताराने लिहिले. वडिलांची पिशवी आपल्या डॉक्टरांपुढे एकदा अशीच रिकामी करा. मानसिक आजाराचे औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तुमच्या वर्णनात एकाच बाजूने झालेली सुरुवात आहे, विश्रांतीत येणारा कंप आहे आणि मंदावलेली चाल आहे, त्यामुळे निदान खरे असण्याची शक्यता मोठी आहे. या रोगाचा गाभा कंप नसून मंदपणा आहे. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर मोठ्या अंतराने, भराभर आपटायला सांगितली की पहिल्या काही वेळा बोटे पुरती उघडतात, मग अंतर आखडत जाते आणि मध्येच बोटे अडकल्यासारखी थांबतात. हेच अक्षरातही दिसते. वडील मजुरांच्या हजेरीची वही लिहीत असतील तर दोन-तीन वर्षांपूर्वीची पाने आणि आताची पाने शेजारी ठेवून पाहा; प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक होत गेलेले असेल, तर ती वही डॉक्टरांना अवश्य दाखवा.

आता कारणांकडे येतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा व्यक्तींच्या निरीक्षणावरून या रोगाचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी मेंदूच्या बुंध्यातील ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागातील पेशी या रुग्णांत नष्ट झालेल्या आढळल्या. १९६० मध्ये व्हिएन्नात रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी असल्याचे दाखवले गेले, आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा तोंडावाटे हळूहळू वाढवत मोठ्या प्रमाणात दिल्यावर जखडलेले रुग्ण उठून चालू लागले. इतक्या नाट्यमय यशानंतर ‘डोपामिन कमी म्हणजे पार्किन्सन्स’ हे समीकरण पक्के झाले, आणि ते अनेक दशके कोणी फारसे हलवले नाही. त्यात तथ्य आहे, पण ते गोष्टीच्या उत्तरार्धाचे तथ्य आहे. हाताला कंप सुटतो तोवर त्या भागातील निम्म्याच्या आसपास पेशी आधीच गेलेल्या असतात.

पूर्वार्ध कोठे घडतो, याचे धागे रुग्णाच्या बोलण्यातच असतात. तुमच्या वडिलांना विचारा. बहुतेक कुटुंबांना हे कंपाशी कधी जोडावेसे वाटलेले नसते, पण चौकशी केली की पाच, दहा, कधी त्याहून अधिक वर्षांपूर्वीपासूनची बद्धकोष्ठता निघते, फोडणीचा वास येईनासा झाल्याची गोष्ट निघते, किंवा पत्नी सांगते की हे झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, एकदा स्वप्नात कोणाशी तरी झटापट करताना कॉटवरून खाली पडले होते. झोपेतील या शेवटच्या लक्षणाला आम्ही विशेष महत्त्व देतो, कारण ते ज्यांना असते त्यांच्यातील बहुसंख्यांना पुढे कधीतरी पार्किन्सन्स किंवा त्याच कुळातील दुसरा आजार होतो.

१९९७ मध्ये दोन गोष्टी उजेडात आल्या. एका इटालियन वंशाच्या कुटुंबातील आनुवंशिक पार्किन्सन्सचे कारण अल्फा-सायन्युक्लीन या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड असल्याचे कळले, आणि रुग्णांच्या मेंदूपेशींत दिसणाऱ्या ‘लेवी बॉडी’ या गाठोळ्या मुख्यतः याच प्रथिनाच्या बनलेल्या असल्याचेही सिद्ध झाले. हे प्रथिन प्रत्येकाच्या शरीरात असते. त्याची घडी चुकली की चुकीच्या घडीचे रेणू शेजारच्या चांगल्या रेणूंनाही आपल्यासारखे करत जातात, विरजणाचा थेंब पडल्यावर भांडेभर दूध बदलत जावे तसे. २००३ मध्ये हाइको ब्राक यांनी अनेक मृत व्यक्तींचे मेंदू तपासून मांडले की या गाठोळ्या आधी वासाच्या केंद्रात आणि आतड्यांकडे जाणाऱ्या व्हेगस नसेच्या मुळाशी दिसतात आणि मग टप्प्याटप्प्याने वर चढतात. डेन्मार्कमध्ये, पूर्वी अल्सरसाठी ज्यांची व्हेगस नस पूर्णपणे कापली गेली होती, अशा लोकांत पुढे पार्किन्सन्सचे प्रमाण काहीसे कमी असल्याचे २०१५ मध्ये दिसले. तुमच्या वाचनात आलेले ‘आतड्यात सुरू होतो’ हे विधान येथून आलेले आहे.

ते अर्धे खरे आहे. ब्राक यांचा क्रम सर्वच रुग्णांना लागू पडत नाही. आता अनेक संशोधक दोन वाटा मानतात. काहींत रोग शरीराकडून मेंदूकडे जातो. त्यांना बद्धकोष्ठता आणि झोपेतील हातपाय झाडणे आधी येते आणि हालचालींचा त्रास मागून येतो. काहींत तो मेंदूतच, बहुधा एका बाजूला, सुरू होतो आणि मग खाली पसरतो. आणखी काही रुग्ण या दोन्हींत बसत नाहीत. पाठीतल्या पाण्यातील चुकीच्या घडीचे अल्फा-सायन्युक्लीन शोधणारी एक चाचणी २०२३ मध्ये हजाराहून अधिक व्यक्तींवर तपासली गेली. पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ती सकारात्मक आली, पण एलआरआरके२ या जनुकाच्या दोषामुळे झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांत ती नकारात्मक आली. याचा अर्थ, ज्याच्यामुळे रोग होतो असे आपण समजत होतो ते चुकीच्या घडीचे प्रथिन काही रुग्णांत सापडतच नाही, तरीही त्यांचा हात तसाच थरथरतो. म्हणून मी पार्किन्सन्सला एक रोग न मानता, निरनिराळ्या वाटांनी येऊन एकाच ठिकाणी पोचणाऱ्या रोगांचा समूह मानतो, आणि जगभर वर्गीकरणाची जी फेरमांडणी सुरू आहे तिचाही रोख तिकडेच आहे.

पोटाच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. सुरुवात आतड्यात झालेली असली, तरी लक्षणे दिसू लागेपर्यंत रोग तेथून केव्हाच पुढे गेलेला असतो, त्यामुळे आज पोटावर उपचार करून तो माघारी वळवता येत नाही. बद्धकोष्ठतेवर मात्र उपचार जरूर करा, कारण जठर आणि आतडी मंद असली की गोळी वेळेवर शोषली जात नाही आणि ‘गोळी लागत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

फवारणीविषयी मला अधिक सावधपणे, पण स्पष्ट बोलायचे आहे. १९८२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात काही तरुणांनी नशेसाठी घेतलेल्या भेसळयुक्त द्रव्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ होता आणि काही दिवसांत ते पार्किन्सन्सच्या रुग्णासारखे जखडून गेले. बाहेरून शरीरात गेलेले एखादे रसायन नेमक्या याच पेशी मारू शकते, हे त्यातून प्रथम सिद्ध झाले. हे रसायन पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचे काम बंद पाडते. रोटेनोन हे कीटकनाशक त्याच जागी घाव घालते, आणि एमपीटीपीपासून शरीरात बनणारे विष रचनेने पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतेजुळते आहे. अमेरिकेतील शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरणाऱ्यांत पार्किन्सन्सचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान खोऱ्यात, घराच्या ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब हे बुरशीनाशक दोन्ही फवारले जात होते अशा लोकांत धोका ७५ टक्क्यांनी अधिक दिसला. द्राक्षावर केवडा या बुरशीजन्य रोगासाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे मॅन्कोझेब याच मॅनेबच्या कुळातले आहे. एका रसायनाचा दोष दुसऱ्यावर तसाच लादता येत नाही, पण दुर्लक्षही करू नये. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाटवर बंदी आहे.

तरीही ‘तुमच्या वडिलांना फवारणीमुळेच झाला’ असे मी लिहून देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. वय हा सर्वांत मोठा घटक आहे. पुरुषांत प्रमाण अधिक आहे. जनुकांचा वाटा आहे. आणि फवारणी करणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा रोग होत नाही. एवढेच म्हणता येते की आधीच कलते असलेल्या पारड्यात अशा संपर्काने भर पडू शकते. १९९० मध्ये जगात या रोगाचे सुमारे २५ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ते ६१ लाखांवर गेले. आयुर्मान वाढले हे त्याचे मुख्य कारण असले, तरी वयाचा फरक वजा करूनही वाढ उरते, आणि ती केवळ जनुकांनी समजावून सांगता येत नाही, कारण एका पिढीत जनुके बदलत नाहीत. म्हणून आज बागेत ब्लोअरवर किंवा पाठीवरच्या पंपाने जो कोणी औषध मारतो, मग तो भाऊ असो वा मजूर, त्याच्या हातात रसायनाला टिकणारे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि योग्य मास्क हवा. औषध उघड्या हाताने बादलीत कालवू नये, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. हा खर्च बागेच्या एकूण खर्चात नगण्य आहे आणि तो करायला शास्त्राच्या अंतिम निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तुम्हा भावंडांच्या बाबतीत: बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतो. वडिलांना उतारवयात झाला असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा थोडा वाढतो, एवढेच. पन्नाशीच्या आत सुरुवात झाली असती किंवा दोन-तीन नातेवाइकांना आजार असता तर जनुकीय तपासणीचा विचार मी केला असता.

आता गोळी. ‘पाचच वर्षे चालते’ ही समजूत एका खऱ्या निरीक्षणाच्या चुकीच्या अर्थातून आली आहे. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरू लागतो आणि अंगाला नको असलेल्या वळवळत्या हालचाली येतात, हे खरे आहे. पण त्याला कारणीभूत गोळी घेतल्याची वर्षे आहेत की रोगाची वर्षे? घाना आणि इटलीतील रुग्णांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. घानातील रुग्णांना लेव्होडोपा बरीच उशिरा मिळाली होती, तरीही असर उतरण्याचा त्रास दोन्हीकडे रोगाच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाला. उशिरा सुरू केल्याने घानातील रुग्णांचा फायदा झाला नाही, फक्त मधली वर्षे औषधाविना गेली. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना लेव्होडोपा लगेच आणि उरलेल्यांना ४० आठवड्यांनी सुरू केली. ८० आठवड्यांअखेर दोन्ही गटांच्या स्थितीत फरक नव्हता. २०१९ च्या या अभ्यासाने दोन्ही बाजू स्पष्ट केल्या. लेव्होडोपा रोग थांबवत नाही आणि बिघडवतही नाही. हालचालीच्या अडचणीमुळे काम अडत असेल तर ती सुरू करावी. तुमच्या वडिलांचे अडत आहे.

सुरू करताना काही बारकावे पाळले नाहीत तर चांगले औषध बदनाम होते. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असते, आणि ते मेंदूबाहेर लेव्होडोपाचे डोपामिनमध्ये होणारे रूपांतर रोखून मळमळ टाळते. त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. ‘११०’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळीत ते फक्त १० मिलिग्रॅम असते, त्यामुळे अशा तीन गोळ्या घेणाऱ्याला मळमळ झाली की ‘गोळी सोसत नाही’ म्हणून ती बंद होते. ‘१२५’ च्या गोळीत २५ मिलिग्रॅम असते. बदल करायला डॉक्टरांना विचारा. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइड कदापि घेऊ नका. दुसरी गोष्ट वेळेची. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा एकाच दाराने आत शिरतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. सकाळी पेलाभर दुधाबरोबर गोळी घेणे ही नेहमीची चूक. उसळ, डाळ, अंडी बंद करू नका, वजन घटेल. गरज पडलीच तर त्यांचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात ठेवा. रक्तवाढीची लोहाची गोळी याच वेळी घेऊ नका. आणि गोळी एकाएकी, उपवास किंवा यात्रा म्हणूनही, बंद करू नका. अंग कमालीचे ताठरून तीव्र ताप येण्याइतपत जिवावरचा प्रसंग त्यातून ओढवू शकतो.

खाजकुयलीच्या बियांविषयीही विचारणा होते. त्यांत लेव्होडोपा असते, हे १९३७ मध्ये भारतातच दाखवले गेले, आणि काही छोट्या चाचण्यांत तिचा असर गोळीसारखाच दिसला. म्हणजे ते ‘निसर्गाचे वेगळे औषध’ नसून तेच औषध आहे, फक्त मात्रा चूर्णागणिक बदलते आणि कार्बिडोपा नसते. गोळीबरोबर गुपचूप चूर्ण घेतले तर मात्रा नकळत वाढते, म्हणून डॉक्टरांपासून ते लपवू नका.

पार्किन्सन्सवरील इतर औषधांपैकी दोन प्रकारांबद्दल इशारा द्यावा लागेल. ट्रायहेक्सिफेनिडिल कंप कमी करते, पण साठीपुढे स्मरण बिघडवते, लघवी अडवते, भ्रम निर्माण करते. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल उपयुक्त आहेत, पण काहींना त्यांच्यामुळे रमी, लॉटरी, खरेदी यांचा अनावर नाद लागतो. असे दिसले तर तो स्वभावदोष न समजता डॉक्टरांना कळवा.

रोग थांबवणारे औषध अजून नाही. अल्फा-सायन्युक्लीनवर चालून जाणाऱ्या दोन प्रतिपिंडांच्या चाचण्या २०२२ मध्ये अपेक्षा पूर्ण करू शकल्या नाहीत. मधुमेहावरील एक्झेनाटाइडवर मोठी आशा होती, पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. माझ्या मते याचे एक कारण असे की वेगवेगळ्या वाटांनी आजारी झालेले रुग्ण एकाच चाचणीत एकत्र घातले जातात. स्टेम सेलबाबत: २०२५ मध्ये अमेरिका-कॅनडात आणि जपानमध्ये मोजक्या रुग्णांच्या मेंदूत स्टेम सेलपासून तयार केलेल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी रोपण केल्याचे अहवाल आले आणि त्या पेशी तेथे जगल्याही, परंतु ती सुरक्षिततेची प्राथमिक परीक्षा होती. तिच्या बळावर शिरेतून किंवा पाठीत ‘स्टेम सेल’ टोचून लाखो रुपये घेणाऱ्यांचा या संशोधनाशी काहीही संबंध नाही. त्यासाठी गुंठाभरही जमीन विकू नका.

व्यायामाबद्दल मात्र मी आग्रही आहे. नेदरलँड्समध्ये घरी स्थिर सायकल चालवणाऱ्या रुग्णांची हालचाल सहा महिन्यांनी, नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगली टिकली. अमेरिकेतील १२८ रुग्णांच्या अभ्यासात, हृदयगती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्के नेणाऱ्या गटाची सहा महिन्यांत जवळजवळ घसरण झाली नाही. सकाळी बांधावरून रमतगमत फिरणे पुरेसे नाही. हृदयाची तपासणी करून, दम लागेल पण बोलता येईल इतक्या गतीने चालणे किंवा सायकल, आठवड्यातून तीन-चार वेळा, हा औषधाचाच भाग समजा. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट सामूहिक व्यायामाला जी चालना देतात, तसा गट सांगली किंवा साताऱ्यात उभा करायला दहा कुटुंबे पुरतात.

मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार आज करण्याचे कारण नाही. साधारण चार वर्षांनंतर, गोळी चांगली लागू पडते पण असर टिकत नाही अशा वेळी ती विचारात घेतात, आणि ज्यांना गोळीच लागू पडत नाही त्यांना तिचाही बहुधा उपयोग होत नाही. पुढच्या भेटीपूर्वी वडिलांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी मोजून वहीत लिहा. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, खिन्नता, जेवताना ठसका, यांतले काही असेल तर तेही लिहा. यातली प्रत्येक गोष्ट उपचाराने सुधारते, पण कंपाच्या तक्रारीखाली ती दबून जाते आणि रुग्ण आपण होऊन ती सांगत नाही.